वारस कोण कोण?

मुंबईत फोर्ट भागात, हायकोर्टापासून पाच-सात मिनिटं चालत जावं इतक्या अंतरावर, एका वकिलांच्या ऑफिसात मी फोन घेते. या ऑफिसात वारसाहक्काची, मृत्युपत्रांची आणि प्रोबेटची कामं चालतात. तुमचं पद काय, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देणं अवघड जातं. मी वकील नाही, टायपिस्ट नाही, नुसती टेलिफोन ऑपरेटरही नाही. घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांपैकी कुणीतरी आमच्याकडे फोन करतं, तेव्हा त्याला पहिला आवाज माझा ऐकू येतो. त्याचं म्हणणं ऐकायचं, विचारायचं ते विचारायचं, एका छापील कागदावर सगळं टिपून घ्यायचं आणि तो कागद सरांच्या टेबलावर ठेवायचा, एवढं माझं काम. मी लागले तेव्हा टेबलावर काळा लँडलाइन फोन होता. आता मोबाइल आहे, व्हॉट्सअॅप आहे, मृत्यू दाखल्याचा फोटो दोन मिनिटांत येतो. कागदावरचे प्रश्न मात्र तेच आहेत.

वकिलांना आपल्या देशात जाहिरात करायची परवानगी नाही. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. म्हणून आमचा नंबर लोकांपर्यंत जातो तो तोंडोतोंडी. कुणाला व्याह्यांनी दिलेला असतो, कुणाला जमातीच्या सेक्रेटरीनं, कुणाला बँकेतल्या ओळखीच्या माणसानं. फोन करणारा बहुतेक वेळा पहिल्यांदाच वकिलाच्या ऑफिसात फोन करत असतो. त्याला वाटतं आपण वकिलाशीच बोलतोय. मी आधीच सांगून टाकते, "मी वकील नाही. मी माहिती लिहून घेते. सल्ला सर देतील." हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणावं लागतं. दुसरं वाक्य, "तुम्ही मला जे सांगाल ते या ऑफिसाबाहेर जाणार नाही." हे नुसतं धीर देण्यापुरतं नसतं. अशिलाची गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन जसं वकिलावर आहे तसंच त्याच्या कारकुनावर आणि नोकरावरही कायद्यानं घातलेलं आहे. जुन्या पुराव्याच्या कायद्यात ते होतं, जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणून या लेखात जे फोन येतील त्यांची नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत.

आमच्याकडे सगळ्या धर्मांचे लोक फोन करतात. हिंदू आणि पारशी अशील जास्त. पण मुसलमान घरातला फोन आला की ऑफिसातले बाकीचे तो माझ्याकडे देतात. नावावरून ठरवतात, की हिला ते शब्द कळतील. सुरुवातीला मला ते आवडत नसे. नंतर लक्षात आलं की त्यांचं म्हणणं खरंच आहे.

कारण फोनवरची आपल्या लोकांची भाषा ही एक वेगळीच गोष्ट असते. रत्नागिरी-रायगडकडचा माणूस आपल्या कोकणी मुसलमानी बोलीत सुरू करतो, सोलापूर-मराठवाड्याकडचा दखनीत. मृत्यू आणि धर्म यांबद्दल बोलताना अरबी-उर्दू शब्द येतात. इंतकाल, मरहूम, तर्का, वसीयत, हिबा, मेहर. आणि बोलणं जमिनीवर आलं की तोच माणूस नकळत मराठीत शिरतो. सातबारा, फेरफार, गट नंबर, बांध, तलाठी, वारसनोंद. या शब्दांना आपल्या घरात उर्दू शब्द नाहीत आणि मेहर-तर्क्याला मराठी शब्द नाहीत. एकाच वाक्यात "मरहूमच्या नावचा सातबारा" असं येतं. नव्या मुली फोनवर बसतात तेव्हा मी त्यांना या शब्दांची दोन पानी यादी देते. ती यादी पुरी पाठ झाल्याशिवाय आपल्या माणसाचा फोन नीट घेता येत नाही.

खूप जण फोन उचलताच म्हणतात, "आम्हाला प्रोबेट काढायचंय." त्यांना ते बिल्डिंगच्या सेक्रेटरीनं किंवा बँकेनं सांगितलेलं असतं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर न्यायालयानं केलेलं शिक्कामोर्तब. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या 213 व्या कलमानं मुंबई शहरातल्या मिळकतीच्या बाबतीत हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी मृत्युपत्रांना ते सक्तीचं होतं. मुसलमानाच्या वसीयतीला ती सक्ती मुळातच नव्हती. आता तर डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं ते कलमच काढून टाकलं. पण 'प्रोबेट' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला आहे. आपल्या घरातून येणाऱ्या दहांतल्या आठ-नऊ फोनमध्ये मृत्युपत्रच नसतं. त्यांना लागतो तो बँकेतल्या ठेवींसाठी किंवा शेअर्ससाठी सक्सेशन सर्टिफिकेटचा कागद, किंवा 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळणारा वारस दाखला. हे सगळं सर सांगतात. मी फक्त कागदावर "मृत्युपत्र नाही" असं लिहिते.

कागदावरचा पहिला प्रश्न ऐकून लोक चकित होतात. मी कहाणी ऐकायच्या आधी नावं विचारते. मरण पावलेल्याचं नाव, फोन करणाऱ्याचं नाव आणि ज्यांच्याशी वाद आहे किंवा होईल त्यांची नावं. लोकांना वाटतं ही बाई किती कोरडी आहे, आम्ही रडतोय आणि ही नावं लिहितेय. पण वारसाच्या कामात दोन्ही बाजू एकाच घरातल्या असतात. भावाचा फोन सोमवारी येऊन गेलेला असेल आणि बहिणीचा गुरुवारी आला, तर बहिणीची गोष्ट ऐकणं म्हणजे एका अशिलाच्या विरोधकाचं मन उघडं करून घेणं. ते करता येत नाही. म्हणून आधी नावं, मग रजिस्टर, मग गोष्ट.

त्यानंतर इंतकाल कधी झाला, कुठे झाला, मरहूमचं कायमचं घर कुठलं, मिळकत कुठे आणि कुणाच्या नावावर. गोव्याहून फोन आला तर आमचा कागद निम्म्याहून जास्त बदलतो. तिथल्या मुसलमानांनाही वारशाच्या बाबतीत गोव्याचाच समान कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी समान आहेत. सिंधुदुर्गाची हद्द ओलांडली की एकाच बिरादरीतल्या दोन बहिणींचं गणित निराळं होतं. मग मी सुन्नी की शिया, आणि सुन्नी असतील तर हनफी की शाफई, असं विचारते. कोकणातले आपले लोक शाफई. पुष्कळ जण यावर म्हणतात, "बाई, त्यानं काय फरक पडतो?" हनफी आणि शाफई यांच्या वाटण्यांत फरक क्वचितच पडतो, पण सुन्नी आणि शिया यांच्यात तो वाटण्यांतही पडतो आणि वसीयतीच्या बाबतीतही. सुन्नी माणसाला आपल्या वारसापैकी एकालाच वसीयतीनं जास्त द्यायचं असेल तर त्याच्या मरणानंतर बाकीच्या वारसांची संमती लागते. शिया कायद्यात एकतृतीयांशापर्यंत ती लागत नाही.

आणि मग तो प्रश्न येतो ज्याच्यासाठी हा सगळा कागद आहे. "वारस कोण कोण?"

या प्रश्नाचं उत्तर मी हजारो वेळा ऐकलं असेल. ते बहुतेक वेळा असं असतं, "आम्ही तिघं भाऊ." मी लिहिते. मग विचारते, "आई आहेत?" "हो, अम्मी आहे." लिहिते. "बहिणी?" इथे फोनवर एक थांबा येतो. तो थांबा मला आता ओळखीचा झालाय. मग उत्तर येतं, "बहिणी आहेत दोन. पण त्यांची लग्नं झालीत." मी म्हणते, "नावं सांगा." "त्यांचं काही म्हणणं नाही." "हो, पण नावं सांगा."

माणसं खोटं बोलत नसतात. कुणी लपवायच्या हेतूनं बहिणींना गाळत नाही, निदान बहुतेक जण नाही. त्यांच्या मनात 'वारस' या शब्दाचा अर्थच घर चालवणारे पुरुष असा झालेला असतो. एका माणसानं मला तिन्ही भावांची नावं, त्यांच्या मुलांची नावं, अगदी दुबईतल्या पुतण्याचं नावही सांगितलं. पुतण्या वारस नव्हता. बहिणी वारस होत्या आणि त्यांची नावं मला दोन वेळा विचारावी लागली. धाकटीचं लग्नानंतरचं पूर्ण नाव त्याला आठवेना. तो फोन धरून आपल्या बायकोला विचारायला गेला.

हे आपल्याच घरात होतं असं मानायचं कारण नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये तो आणखी स्पष्ट केला. तरीही हिंदू घरांतून येणाऱ्या फोनवर तोच थांबा मी ऐकते आणि तेच वाक्य, "बहिणी सोडून देतील." फरक एवढाच, की त्यांना हा हक्क संसदेनं नुकता दिला. आपल्याला तो चौदाशे वर्षांपूर्वी मिळाला. सूरह निसामधल्या 11व्या, 12व्या आणि 176व्या आयतींत हिस्से अपूर्णांकांसह सांगितलेले आहेत. नमाज कशी पढायची याचा एवढा तपशील कुराणात नाही, जेवढा वाटणीचा आहे. जे घर रोजा एक दिवसही चुकवत नाही, त्याच घराला बहिणीचं नाव सांगायला दोनदा विचारावं लागतं, हे मला वर्षानुवर्षं कोडं वाटत आलंय.

गणित अवघड नाही. समजा माणूस गेला, मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. मिळकतीचे 40 भाग केले तर बायकोला 5, प्रत्येक मुलाला 14 आणि मुलीला 7. घर 80 लाखांचं असेल तर बायकोचे 10 लाख, मुलांचे 28-28 लाख आणि मुलीचे 14 लाख. मुलीला निम्मं का, हा प्रश्न आजच्या मुली मला फोनवर विचारतात आणि तो विचारायचा त्यांना हक्क आहे. त्यावर आपल्यात वाद चालू राहील. पण माझ्या टेबलावर येणारा प्रश्न चौदा का अठ्ठावीस हा नसतोच. तो शून्य का चौदा, हा असतो.

हे हिस्से मी फोनवर सांगत नाही. माहीत असूनही सांगत नाही. कारण एक माणूस सांगायचा राहिला की सगळं गणित बदलतं. आई हयात असली की सहावा हिस्सा तिचा. सुन्नी घरात मुलगा नसेल, फक्त मुली असतील तर मरहूमच्या भावालाही वाटा जातो. बायको, दोन मुली आणि एक भाऊ असे राहिले तर 24 भागांतले 3 बायकोचे, 16 मुलींचे आणि 5 भावाचे. अर्धवट माहितीवर सांगितलेला आकडा घरात पोचला की त्यावर भांडण उभं राहतं. म्हणून मी विचारते आणि लिहिते.

बहिणींची नावं घेणं हे मी भावनेपोटी करत नाही, कायद्यालाच ते लागतं. वारस दाखल्याच्या अर्जात सगळे वारस दाखवावे लागतात. माहिती दडवून मिळवलेलं सक्सेशन सर्टिफिकेट पुढे रद्द होऊ शकतं. फ्लॅटच्या सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव असतं, आणि त्याची पक्की समजूत असते की नॉमिनी म्हणजे मालक. 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शेअर्सच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितलं, की नॉमिनी झाल्यानं माणूस वारसांना डावलून मालक होत नाही. ते प्रकरण मुंबईतल्याच एका कुटुंबाचं होतं. नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते वाटून देण्यासाठी. ही गोष्ट ऐकली की फोनवरचा आवाज थोडा उतरतो.

कागदावर आणखी एक प्रश्न आहे. तो आधी छापलेला नव्हता, मी सरांना सांगून घालून घेतला. "मेहर अदा झाली होती का?"

मिळकत वाटण्याआधी दफनाचा खर्च, मग कर्जं, मग वसीयत असेल तर एकतृतीयांशापर्यंत ती, आणि मग वारस, असा क्रम आहे. न दिलेली मेहर हे नवऱ्याच्या अंगावरचं कर्ज आहे. म्हणजे विधवेचा आठवा हिस्सा निराळा आणि मेहर निराळी. ती आधी द्यायची असते. पण हा प्रश्न विचारला की मुलगे गप्प होतात. कुवेतहून एका मुलाचा फोन होता. शुक्रवारी त्याला सुट्टी असे, म्हणून तो शुक्रवारी फोन करायचा. वडील खेड तालुक्यातल्या गावी वारले होते. मेहरचं विचारल्यावर तो म्हणाला, "ते अब्बा-अम्मीचं आपसातलं, मी कसं विचारणार?" मी म्हटलं, "कर्ज आहे ना, म्हणून विचारते. जमलं तर विचारा."

पुढच्या शुक्रवारी त्याचा फोन आला. त्यानं आईला विचारलं होतं. मेहर कधी दिलीच नव्हती. आणि आईनं ती माफ केली होती. कधी? जनाजा अंगणात होता तेव्हा. बायकांनी तिच्याभोवती बसून सांगितलं होतं, "माफ कर, मरहूमचा बोजा हलका कर," आणि ती "केली" म्हणाली होती. मुलानं हे सांगितलं आणि थोडं थांबून म्हणाला, "अम्मी म्हणते, त्या वेळी मी काय बोलले ते मला आठवतसुद्धा नाही. हे लिहा." मी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मेहर माफ करायला बाईची मोकळी मर्जी लागते, आणि दुःखाच्या भरात घेतलेली माफी न्यायालय तपासून बघू शकतं. पण त्या दिवशी मला कायद्यापेक्षा त्या मुलाचं वाटलं. चाळिशीच्या आसपासच्या त्या माणसानं आईला तिच्या लग्नाबद्दल बहुधा पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, आणि तिनं उत्तर दिलं होतं.

बहिणींचे फोन निराळ्या वेळी येतात. दुपारी दोन ते चार, घरात पुरुष नसताना. आवाज हळू. सुरुवात जवळजवळ एकच, "मी काही मागत नाहीये हं, नुसतं विचारतेय." मग कळतं, की आठ दिवसांनी भाऊ तहसीलला घेऊन जाणार आहे, हक्कसोड पत्रावर सही करायला. भाऊ वाईट नाही. ईदला साडी पाठवतो, मुलांच्या शिक्षणाला मदत करतो. जहेजमध्ये एवढं दिलं, बाळंतपणं केली, आता काय हिस्सा मागायचा, असं वहिनी म्हणते. जहेज हिस्स्यातून वजा होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी तिला म्हणते, "सही करायच्या आधी सरांशी एकदा बोला. तुम्ही सही केली किंवा नाही केली, तो तुमचा निर्णय. पण तुम्ही काय सोडताय ते आधी कळू दे."

काही जणी विचारतात, "मागितलं तर माहेर तुटेल ना?" माझ्या कागदावर या प्रश्नाला रकाना नाही. मी तो शेवटी, 'इतर माहिती'मध्ये लिहिते. सर तो वाचतात. एकदा ते म्हणाले, "खरा खटला हाच आहे, बाकी सगळी कागदपत्रं." गुन्हा केल्यासारखं हळू बोलणाऱ्या या बायकांना मी एवढंच म्हणते, की विचारणं म्हणजे भांडण नाही. आणि खरं म्हणजे अल्लाहनं ठरवून दिलेल्या गोष्टीबद्दल विचारायला बाईला आवाज हळू का करावा लागतो, हा प्रश्न तिच्यापेक्षा आपल्याला विचारायला हवा.

सगळ्यात अवघड फोन ते, जे मला ऐकताच येत नाहीत. एका बाईनं नावं सांगायला सुरुवात केली. वडिलांचं नाव ऐकलं आणि माझं बोट रजिस्टरवर थांबलं. तिचा भाऊ आमचा अशील होता. तिला ते माहीत नव्हतं, आणि ते सांगणंही मला शक्य नव्हतं, कारण भावाची गोष्टही गुप्तच. मी मध्येच म्हटलं, "ताई, पुढे काही सांगू नका. हे काम आमच्या ऑफिसला घेता येणार नाही." ती म्हणाली, "का? मी गरीब आहे म्हणून?" मी म्हटलं, "नाही. कारण सांगता येत नाही, पण ते नाही." मग मी तिला सांगितलं, की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्यानं कुठल्याही स्त्रीला, तिची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा फोन नंबर आहे. तिनं नंबर दोनदा म्हणवून घेतला. त्यानंतर काय झालं मला माहीत नाही. माझ्या कामात पुढे काय झालं हे बहुतेक वेळा माहीत नसतं. मला सुरुवात कळते, शेवट सरांच्या फायलीत असतो.

हल्ली एक नवा फोन येऊ लागलाय आणि तो मला बरा वाटतो, कारण तो माणूस जिवंत असताना येतो. फक्त मुली असलेले आई-वडील फोन करतात. 8 मार्च 2023 रोजी केरळातले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी डॉ. शीना यांनी आपल्या तीन मुलींसाठी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं, ते या लोकांनी वाचलेलं असतं. तसं केलं की वारशाला भारतीय वारसा कायदा लागू होतो. कुणाला तो मार्ग पटतो, कुणाला तो शरियतपासून दूर जाणं वाटतं. त्यांना हिबाबद्दल विचारायचं असतं. हयातीत मुलीला देणं, तिनं ते स्वीकारणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी झाल्या की हिबा होतो. लोक पहिल्या दोन करतात आणि ताबा स्वतःकडेच ठेवतात, आणि पुढे भांडण त्या ताब्यावरूनच होतं. म्हणून मी कागदावर "किल्ली कुणाकडे?" असं लिहून ठेवते.

असाच दुसरा फोन यायला हवा, तो मात्र फार थोड्या वेळा येतो. मुलगा आधी गेला, त्याची मुलं मागे आहेत आणि आजोबा हयात आहेत. आजोबा गेल्यावर दुसरा मुलगा जिवंत असेल तर आपल्या कायद्यात यतीम नातवंडांना वारसा मिळत नाही. इजिप्तनं 1946 मध्ये आणि पाकिस्ताननं 1961 मध्ये कायदे करून त्यावर मार्ग काढला. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण आजोबांच्या हातात एक गोष्ट आहे. नातू वारस नसल्यानं त्याच्या नावे एकतृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, आणि तिला बाकीच्यांच्या संमतीची गरज नाही. हा फोन आजोबांनी करायचा असतो. माझ्याकडे येतो तो नातवाच्या आईचा, आजोबांच्या चाळिसाव्यानंतर. त्या वेळी कागदावर लिहिण्यापलीकडे माझ्या हाती काही उरलेलं नसतं.

एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मला एक गोष्ट पक्की वाटते. वकिलापर्यंत गोष्ट पोचायच्या आधी ती यादीच्या रूपात पोचते. यादीत ज्याचं नाव आलं त्याचा हक्क निदान चर्चेला येतो. ज्याचं नाव आलं नाही त्याचं काहीच होत नाही. हे काम वकिलाच्या ऑफिसात, माणूस गेल्यावर, परक्या बाईनं फोनवर करायचं नसतं. घरातल्या वडीलधाऱ्यानं, हातपाय चालत असताना, एका संध्याकाळी वहीचं पान घेऊन करायचं असतं. सुरुवात बायकोपासून करावी, तिच्या मेहरचा आकडा शेजारी लिहावा. मग आई असेल तर आई. मग मुली, त्यांच्या लग्नानंतरच्या पूर्ण नावांसह. मग मुलगे. यतीम नातवंडं असतील तर ती निराळ्या ओळीवर. कुणाला काय द्यायचं ते नंतर ठरेल. आधी नावं लिहून होऊ देत.